कुंदा सिस्टरांचा गोतावळा

आमच्या वॉर्डातल्या कुंदा सिस्टर थर्मामीटर नंतर लावतात, आधी गाव विचारतात.

पेशंट ट्रॉलीवरून पलंगावर येत असतो, कोणी सलाइन टांगत असतं, बरोबरचे लोक 'डॉक्टर कहाँ हैं' म्हणून ओरडत असतात. त्या सगळ्या गोंधळात कुंदाताई उशी सारखी करत विचारतात, "कौन गाँव की हो, अम्मा?" मग आडनाव. मग मुलगी कुठे दिली. चौथा प्रश्न विचारायची पाळी येत नाही, कारण तिसऱ्या उत्तराला नातं सापडलेलं असतं.

"अगं अपर्णे, ह्या तर आपल्याच निघाल्या!"

हे त्यांचं पालुपद. पेशंट ग्वाल्हेरातला मराठी असला तर समजण्यासारखं आहे. इथली मराठी घरं चार-पाच पिढ्या एकमेकांतच सोयरिकी करत आलीत, कुठून तरी धागा जुळतोच. पण कुंदाताईंना भिंडचे ठाकूरही चालतात आणि मोरेन्याचे गुर्जरही. यजमानांच्या आजोळचे भटजी कधीकाळी दतियाला पूजेला जात, एवढ्या भांडवलावर दतियाची एक म्हातारी त्यांची मामेसासू झाली. म्हातारीनेही हरकत घेतली नाही.

मी सहा वर्षांपूर्वी या वॉर्डात स्टाफ नर्स म्हणून लागले, त्या दिवशी माझीही तपासणी झाली. मुरारला राहते, आईचं माहेर झाशीचं, एवढं कळताच त्यांनी मला जावेची भाची करून टाकलं. आई म्हणते, असं काही नातं नाही. पण कुंदाताईंनी त्या नात्याच्या हक्काने मला जो रागवायला सुरुवात केली, ती आजतागायत चालू आहे.

खरं सांगते, मला त्यांचा रागही यायचा. आमचा वॉर्ड म्हणजे मध्ये सिस्टरांचं टेबल, डाव्या हाताला बायका, उजव्या हाताला पुरुष, आणि चाळीस पेशंटांना आम्ही दोघी. दुपारी दोनला पाळी बदलते. तेव्हा जाणाऱ्या सिस्टरने येणाऱ्या सिस्टरला पलंगागणिक माहिती द्यायची असते. माझ्या पलंगांचं दहा मिनिटांत उरकायचं, पण दोघींचं सांगून झाल्याशिवाय निघता यायचं नाही. कुंदाताई येणाऱ्या सिस्टरपुढे एक जुनी डायरी उघडायच्या आणि सुरू व्हायच्या, "पाच नंबरला इन्सुलिन दिलंय. आणि हिची सून आली की हिला कूस बदलून दे, तिचं तोंड बघायचं नसतं हिला. अठ्ठावीस नंबरला ताप नाही, पण मुलाचा फोन नाही आला, म्हणून जेवला नाही. त्याला ताप नाही म्हणजे बरा आहे, असं नको समजू." तोवर माझा मुरारचा टेम्पो निघून गेलेला असायचा.

चहाच्या वेळी त्यांच्या घरच्या गोष्टी चालत. घर नया बाजारात. तिथे नक्की किती माणसं राहतात याचा अंदाज आम्हाला कधीच आला नाही. दतियाच्या मामेसासूबाईंना वेणीला पांढरीच फीत लागायची, दुसऱ्या रंगाची बांधली तर दिवसभर बोलायच्या नाहीत. चुलत सासरे फौजी बँडमध्ये वाजवायचे, ते चहाचा कप हातात घेतला की आधी काठावर बोटांनी ताल धरायचे. भिंडच्या आतेसासूबाई चिमणीला पोळीचा तुकडा टाकल्याशिवाय घास घ्यायच्या नाहीत. कुंदाताई त्या सगळ्यांच्या नकला करायच्या आणि आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. मग घड्याळ बघून त्या पिशवी उचलायच्या. "निघते ग बाई. घरी वाट बघत असतील."

आता मूळ भानगड सांगते. आमच्याकडे भरतीच्या फॉर्मवर एक कॉलम असतो, पेशंटबरोबर कोण आहे आणि त्याचं पेशंटशी नातं काय. तो रिकामा राहिला की काउंटरवरून फाईल परत येते. एक्स-रेला न्यायचं तर ट्रॉलीवाला विचारतो, 'साथ में कौन है?' बाहेरून औषध आणायचं तर तेच. एकेका पेशंटबरोबर बारा-बारा माणसं येतात, त्यांना बाहेर काढता काढता आमचा घसा बसतो. आणि एखाद्याला कोणी तरी दारात सोडून जातं, त्याच्याबरोबर साधी पाण्याची बाटलीही नसते. अशा पेशंटच्या कॉलमात कुंदाताई बिनदिक्कत स्वतःचं नाव लिहायच्या आणि पुढे नातं घालायच्या. ड्यूटी सांभाळून ट्रॉलीमागे धावायच्या, औषध आणायच्या, केस विंचरायच्या.

मी एकदा म्हटलं, "ताई, नुसतं 'परिचित' लिहा ना."

"परिचित? हे काय नातं आहे? दूधवालासुद्धा परिचित असतो. लिहायचं तर ढंगाचं लिहायचं."

ढंगाचं म्हणजे मराठीत. रेकॉर्डवाले गुप्ताजी फाईल घेऊन वर आले होते. "सिस्टर जी, ये 'चुलत' कौन सी बीमारी है?"

हे सगळं सुखाने चाललं होतं, तोच आमच्याकडे नव्या मेट्रन आल्या. सक्सेना मॅडम. उंच, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि चादरीच्या घडीत बोट घालून बघणाऱ्या. कुंदाताईंमध्ये त्यांना रोज एक तरी खोट सापडायची. "सिस्टर, बिल्ला तिरछा है." "सिस्टर, ये ट्रे यहाँ क्यों है?" मॅडमची पाठ वळली की कुंदाताई पुटपुटायच्या, "आली बाई माझी नणंद." आठवड्याभरात सगळा वॉर्ड सक्सेना मॅडमना नणंद म्हणायला लागला. अर्थात त्यांच्या माघारी.

मॅडमनी फाइली चाळल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, की एकच बाई या वॉर्डातल्या एकोणीस पेशंटांची सून, भाची, नाहीतर भावजय आहे. झालं. लेखी पत्र आलं. शुक्रवारपर्यंत सगळ्या नावांची यादी आणि खुलासा द्या, नाहीतर वॉर्डातून काढून कपड्यांच्या स्टोअरमध्ये पाठवू. कुंदाताईंच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते.

मला वाटलं, बरंच झालं, बसून काम आहे, गुडघ्यांना आराम. तसं बोललेही. कुंदाताईंचा चेहरा पडला.

"तिथे चादरी असतात, अपर्णे. चादरीला काय गाव विचारू?"

यादी मीच करायला बसले, कारण त्यांना हल्ली अक्षर नीट दिसत नव्हतं. त्यांनी ती जुनी डायरी माझ्या हातात दिली. पहिलंच पान. नऊ नंबर, दतिया, कोणी नाही. खाली लिहिलं होतं, 'वेणीला पांढरी फीत.' मी पुढचं पान उलटलं. बावीस नंबर, मुरार, फौजी बँडमधून निवृत्त, कोणी नाही. 'चहा द्यायचा, घाई नको करायची, आधी ताल धरतात.' तेरा नंबर, भिंड, कोणी नाही. 'खिडकीजवळचा पलंग द्यायचा. चिमणी.'

मी डायरी मिटली. सहा वर्षं आम्ही ज्यांच्या नकलांवर हसत होतो, ती सगळी माणसं आमच्याच वॉर्डात येऊन गेली होती. मी स्वतः त्यांना इंजेक्शनं दिली होती आणि मला ती फीत, तो ताल, ती चिमणी, काहीच आठवत नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

"ताई, घरी कोण कोण असतं?"

त्या टेबलावरचा कापूस सारखा करत होत्या. "मी असते. आणि तुळस आहे."

"आणि वाट बघत असतील म्हणता ते?"

"बोलायला काय जातं? हे गेले त्याला वीस वर्षं झाली. पोरबाळ नाही. दीर इंदौरला, त्यांना माझा पत्ता पण पता नसेल." मग कापूस डब्यात भरत म्हणाल्या, "एवढ्या माणसांतून उठून कुलूप उघडायला जायचं, अपर्णे. कोणाची तरी गोष्ट बरोबर न्यावी लागते. तू हे कोणाला नको सांगू हं."

मी नाही सांगितलं. पण शुक्रवारी यादीबरोबर ती डायरीही मॅडमच्या टेबलावर ठेवली. वाचली तर वाचली.

मॅडमनी यादी वाचली. "उन्नीस रिश्तेदार!"

"बीस, मैडम," कुंदाताई म्हणाल्या. "एक फाइल गुप्ता जी के यहाँ खो गई."

मी डोळे मिटून घेतले.

"सिस्टर, ये सरकारी कागज़ है. इसमें झूठ नहीं चलता."

"तो आप ही बताइए, मैडम. कॉलम ख़ाली रहे तो ट्रॉली नहीं आती. ट्रॉली के लिए लिखा था पहली बार." त्यांचा आवाज बारीक झाला. "मुझे स्टोर में मत भेजिए."

मॅडम डायरीची पानं उलटत राहिल्या. बराच वेळ. शेवटी डायरी परत देत रुक्षपणे म्हणाल्या, "आज से 'ड्यूटी सिस्टर' लिखिए. काउंटर से मैं बात कर लूँगी. और बिल्ला सीधा कीजिए."

स्टोअर टळलं. बाहेर आल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच कुरकुर सुरू केली. "ड्यूटी सिस्टर म्हणे! हे काय नातं आहे?"

महिन्याभराने त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, आमच्याच हॉस्पिटलात, खालच्या मजल्यावर. सकाळी मी त्यांना घेऊन काउंटरवर गेले. त्या दिवशी तिथे गुप्ताजी बसले होते, त्यांनी फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, पत्ता. मग सवयीने विचारलं, "साथ में कौन?"

वीस जणांसाठी ज्यांना कधी विचार करावा लागला नव्हता, त्या कुंदाताई पिशवीचे बंद सारखे करत राहिल्या. मग म्हणाल्या, "ख़ाली छोड़ दो भैया. एक दिन की तो बात है."

गुप्ताजींनी ओळखीपोटी फाईल तशीच घेतली. मला तिथेच रडू येईल असं वाटलं, माझं नाव घाला म्हणायचंही सुचलं नाही. त्यांना आत सोडून आधी वॉर्डात तोंड दाखवावं लागलं, कारण त्या दिवशी चाळीस पेशंटांना मी एकटी होते. तासाभराने वॉर्डबॉयला टेबलाशी बसवून धावत खाली आले, ती ठरवूनच. कॉलमात माझं नाव घालणार होते, पुढे 'भाची', आणि जावेची वगैरे नाही, सख्खी. त्यांची फाईल उघडली, पेन काढलं.

कॉलम भरलेला होता. निळ्या शाईत, चादरीच्या घडीसारखं काटेकोर अक्षर. साथ में: सुनीता सक्सेना. मरीज़ से संबंध: ननद.

दुपारी कुंदाताईंना पलंगावर आणलं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्याने छताकडे बघत होत्या. बाजूच्या लोखंडी कपाटावर स्टीलचा डबा होता आणि उशीची खोळ ताणून बसवलेली होती.

"अपर्णे, ट्रॉली लवकर कशी ग आली? तू लिहिलंस का कॉलमात?"

"मी नाही लिहिलं. तुमच्या नणंदेने लिहिलंय."

"मजाक नको करू."

मी फाईल त्यांच्या चांगल्या डोळ्यासमोर धरली. त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं. पुन्हा वाचलं. ओठ थरथरायला लागले.

"ताई, रडायचं नाही हं. ऑपरेशन झालंय."

"मी कुठे रडते आहे? तिला कोणी सांगितलं ग, मी तिला काय म्हणते ते?"

तेवढ्यात दारातून सक्सेना मॅडम आत आल्या. चष्मा नाकाच्या टोकावर, हातात गरम पाण्याचा थर्मास. त्यांनी पलंगाकडे एक नजर टाकली.

"सिस्टर, ये चादर टेढ़ी क्यों है?"

कुंदाताईंनी उशीवरून डोकं न हलवता हात पुढे केला, मॅडमची बाही धरली आणि पलंगाजवळचं स्टूल दाखवलं. "बैठिए, मैडम. आपने कभी बताया नहीं. कौन गाँव की हैं?"