स्वामींच्या यकृताची चुंबकपरीक्षा व दरबाराचा कोंडलेला श्वास

श्री धन्वंतरीस नमन, लोहचुंबकास नमन, आणि जे यकृत अजून चाकरी सोडीना त्यास साष्टांग दंडवत. शके १९४५ शोभननाम संवत्सरी, आश्विन शुद्ध पंचमीस, अमुक राज्याचे धनी स्वामी यांचे यकृत सुकून करवंटी जाहले आणि उजवे अंगी गाठ उठली. शस्त्रवैद्य अर्ज करते जाहले, "गाठ कापू, परंतु उरले यकृत कामाचे नसेल तर स्वामी वाचणार नाहीत." मग राणीसाहेब बयाऊ यांनी विचारिले, "कामाचे की नाही, हे कोण सांगेल?" वैद्य बोलिले, "चुंबकखाना सांगेल; तेथले यंत्र पोटातले चित्र काढिते. शिरेतून औषध द्यावे आणि घटकाभर थांबावे. जिते यकृत औषध पिऊन चित्रात उजळते, निकामी ते काळेच राहते."

मग स्वामी चुंबकाचे नळीत पहुडले आणि दरबार काचेआड उभा राहिला. आता या राज्याची रीत ऐसी की धन्याने केले ते दरबाराने करावे. स्वामींनी जांभई दिली की चाळीस सरदार जबडे उघडीत. घटका भरली आणि चुंबकखान्याचा दारोगा सखो नाईक भोंग्यातून पुकारता जाहला, "श्वास धरा!" स्वामींनी धरिला आणि दरबारानेही धरिला. यंत्र धडधडले, मानकऱ्यांची तोंडे तांबडी जाहली, मग जांभळी जाहली, आणि सरदार हणगोजी, देह सव्वातीन मण, चौघा कारभाऱ्यांस घेऊन धाडकन कोसळले. भोंगा उघडाच होता, तो धडाका नळीत पोचला. स्वामी काय ते समजले, हसू फुटले, पोट हलले, आणि चित्र ऐसे उमटले की जणू ताक घुसळिले. सखो रडकुंडीस आला, "राणीसाहेब, औषध उतरू लागले. आणखी एकवार हसले तर सारे वाया!" मग बयाऊ कडाडल्या, "मेल्यांनो, श्वास घ्या! ते धरतील, तुम्ही घ्या!" सात पिढ्यांत न घडले ते घडले. स्वामी निश्चळ, आणि उभे उरले सरदार भात्यासारखे फुसफुसत राहिले. चित्र उमटले. उजवे काळे आणि डावे अंग अवघे लख्ख! शस्त्रवैद्य नाचले, हणगोजी शुद्धीवर येऊन आनंदाने पुन्हा पडले, आणि बयाऊ पदर तोंडाशी धरून रडल्या. लिहिणारासही आवरेना.

गाठ उजवे अंगासुद्धा काढिली. एकविसावे दिवशी स्वामी गादीवर बसून हुकूम करते जाहले, "ती रीत आजपासून मोडली. पुढे कधी आमचा श्वास थांबला, तरी तुम्ही घेत जावा." हसता हसता दरबाराचे हात मुजऱ्यास गेले. मग स्वामींनी मुद्दाम मोठी जांभई दिली, आणि हणगोजींस ती काही आवरली नाही.

एवंच, यकृत निम्मे गेले, धनी अवघे राहिले.