एक भाग उरला

घड्याळजी मामांना एका गोष्टीचा भारी अभिमान होता आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती ऐकून घ्यावी लागे. चाळीस वर्षांत त्यांनी अगणित घड्याळं खोलली, पुसली, परत बसवली, पण झाकण लावल्यावर टेबलावर कधी एक स्क्रूही उरला नव्हता. त्यामुळे तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला निघालेली भाची तिने पाळलेल्या टॅरंटुला कोळ्याची तीन पिल्लं कुणाकडे ठेवावीत म्हणून हवालदिल झाली, तेव्हा मामांनीच हात पुढे केला.

"केवढी आहेत?"

"शर्टाच्या बटणाएवढी."

"बस? मी याहून बारीक चाकं रोज हाताळतो."

"म्हणूनच तुझ्याकडे देतेय, मामा. आई नको म्हणत होती. पण तुझ्या हातावर माझा भरवसा आहे."

हे वाक्य मामांना फार गोड लागलं. पुढे तेच त्यांच्या घशात अडकायचं होतं.

पारदर्शक प्लास्टिकच्या तीन लहान डब्या आल्या. झाकणांना सुईने पाडलेली भोकं, तळाशी ओलसर भुसा, झाकणांवर एक, दोन, तीन असे आकडे. सोबत सूचनांचा कागद होता. एक दिवसाआड कडेला पाण्याचे दोन थेंब टाकायचे, आठवड्यातून दोनदा रातकिड्याचा तुकडा द्यायचा, डब्या उन्हात ठेवायच्या नाहीत. आणि शेवटी एक ओळ: 'जेवण सोडलं किंवा उताणं पडलं तर ते कात टाकतंय. काहीही करू नकोस.' मामांनी कामाच्या तेवढ्या ओळी पाठ केल्या. शेवटच्या ओळीत करण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून ती राहून गेली.

मामींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी त्या कपाटाच्या तीन हात अलीकडे थांबणार. मला काही सांगू नका."

पहिला आठवडा झकास गेला. मामा डोळ्याला भिंग लावून चिमट्याने घास भरवत आणि गिऱ्हाइकांना रातकिड्याचा कोणता भाग पिल्लांना जास्त आवडतो ते सांगत. दोन-तीन गिऱ्हाइकं तर घड्याळ तसंच घेऊन परत गेली. दुसऱ्या आठवड्यात दोन नंबरने तोंड फिरवलं. मामांनी घास बदलून पाहिला, बारीक करून पाहिला, समजूतही घातली. आणि गुरुवारी दुपारी पाहतात तर दोन नंबर उताणं, आठही पाय वर.

भाचीचा फोन दिवसभर बंद असायचा. मामींनी दारातूनच विचारलं, "अहो, गेलं का?"

"हलतंय जरा. जुन्या कातड्यात पाय अडकलेत बिचाऱ्याचे."

"मग राहू द्या ना. काढेल आपलं आपण."

"जाम झालेलं घड्याळ कधी आपलं आपण चालू झालंय?"

मामांनी दिवा जवळ ओढला, श्वास रोखला आणि सगळ्यात बारीक चिमट्याने जुनं कातडं ओढायला घेतलं. पहिला पाय सुटला. दुसराही सुटला. मामांची छाती फुगली. तिसरा पाय कातड्यासकट चिमट्यातच आला.

मामांनी तो केसाएवढा पाय कापसावर ठेवला. मग त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि तो कागद पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. आपण याला हात का लावला, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. "मामा, कशी आहेत सगळी?"

"मजेत."

"दोन नंबरचा फोटो पाठव ना."

मामांनी एक नंबरच्या डबीवर दोन नंबरचं झाकण ठेवलं आणि फोटो पाठवला.

"छान दिसतंय. आता एक नंबरचा?"

मामांनी झाकण बदललं, डबी फिरवली आणि पुन्हा फोटो पाठवला.

"अरे, दोघांच्याही पाठीवर भुशाचा कण सारखाच चिकटलाय की."

"भुसा एकच आहे ना गं," मामा म्हणाले आणि घाईघाईने झाकणं जागच्या जागी लावू लागले.

"असेल. तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे बघ."

यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं.

ती परत आली तेव्हा मामा दारातच उभे होते. "झाकण उघडायच्या आधी माझं ऐक," म्हणत त्यांनी सगळं सांगून टाकलं, फोटोंसकट. मग खिशातून स्क्रू ठेवायची इवलीशी डबी काढून तिच्या हातात दिली. आत कापसावर तो पाय होता. "चाळीस वर्षांत पहिल्यांदाच एक भाग उरला गं."

भाचीने ती डबी बाजूला ठेवली. तिने दोन नंबरची डबी उघडून आत घास टाकला. दोन नंबर सात पायांवर तुरुतुरु आलं आणि घास घेऊन भुशात गेलं.

"पाय येईल परत, मामा. अजून एक-दोनदा कात टाकली की येतो." मामांच्या जिवात जीव आला. तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "फोटोंचं मात्र वाईट वाटलं." मामांनी मान खाली घातली.

दोन महिन्यांनी भाचीला पुन्हा आठवडाभर बाहेर जायचं होतं. तिन्ही डब्या घेऊन ती आली, तसे मामा भिंग बाजूला ठेवून लगबगीने उठले. ती त्यांच्यासमोरून थेट स्वयंपाकघरात गेली.

"मामी, या तुझ्याकडे ठेवतेय. निघताना खाऊपिऊ घातलंय, आता मोठीही झालीत, आठवडाभर काही लागणार नाही."

"अगं, काहीतरीच काय! मी हातसुद्धा लावायची नाही त्यांना."

"तेवढंच करायचंय, मामी," भाची म्हणाली.