बटाटे आणलेत का?

"बटाटे संपलेत. येताना आठवणीने आणा," बाईंनी आपल्या यजमानांच्या हातात पिशवी कोंबली आणि त्याच दमात हातातल्या कागदावरचं पुढचं वाक्य वाचून दाखवलं. यजमान हसले. यजमान हसले की कपाटातल्या बशा किणकिणायच्या. बाईंनी समाधानाने वाक्याखाली रेघ मारली.

तेव्हा दूरदर्शनचा पडदा काळापांढरा होता आणि विनोदी मालिका लिहायला, बसवायला आणि उभी करायला तीन वेगळी माणसं मिळत नसत. बाई तिन्ही होत्या. लेखिका बाईंनी पाहुण्यांची पंगत लिहिली, की निर्मात्या बाई ती दोन पाहुण्यांवर आणायच्या आणि दिग्दर्शिका बाई दोघींवर डाफरायच्या. विनोदाची पारख मात्र स्वयंपाकघरात होई. यजमान हसले तर विनोद राहिला, नाही हसले तर उडाला. फक्त एक प्रवेश बाईंनी त्यांना वाचून दाखवला नव्हता. त्यात एक विसरभोळा नवरा बटाटे न आणता घरी येतो आणि वाटेत सर्कशीचा हत्ती आडवा आल्याची लांबलचक थाप मारतो. का दाखवला नव्हता, ते सांगायला नकोच.

तो गुरुवार होता आणि त्याच संध्याकाळी पहिल्या भागाचं चित्रीकरण होतं. त्या काळी ते एकदा सुरू झालं की शेवटपर्यंत न्यावं लागे. मध्ये थांबायची सोय नव्हती. वरच्या काचेच्या खोलीत बाईंच्या शेजारी केंद्राचे मोठे साहेब बसले होते. खाली बाकांवर मुद्दाम बोलावलेले प्रेक्षक होते. त्यांनी हसावं, एवढंच काम.

पहिला विनोद झाला. कोणी हसलं नाही. दुसरा झाला. एक जण खोकला आणि लगेच ओशाळला.

"शांत आहे कार्यक्रम," साहेब म्हणाले. "बाई, असंच चाललं तर पुढच्या गुरुवारी तुमच्या जागी गांडुळांवरचा माहितीपट लावीन. तयार आहे आमच्याकडे."

झालं होतं असं, की खालची व्यवस्था ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ आजवर बातम्या आणि व्याख्यानं सांभाळत आले होते. सगळे त्यांना हेडमास्तर म्हणत. त्यांनी सवयीने प्रेक्षकांना दम भरला होता, "दिवा लागला की आवाज बंद! हूं की चूं केलंत तर बाहेर काढीन." बिचारी माणसं तोंडात रुमाल कोंबून बसली होती. वर बाईंना याचा पत्ता नव्हता.

बाई दार उघडून बाहेर धावल्या. ऑफिसातून परस्पर आलेले यजमान जिन्यात वर्तमानपत्र वाचत होते.

"अहो, खाली जा, प्रेक्षकांत बसा आणि हसा!"

"कशाला?"

"तुम्हाला हसायला कधीपासून कारण लागायला लागलं? जा!"

यजमान गेले, बसले आणि पुढच्या वाक्याला असे हसले की दिवे हलले. हेडमास्तरांनी क्षणात त्यांचा दंड धरला. "सूचना कळत नाहीत? चला, बाहेर!" आणि त्यांना जवळच्या दारातून पलीकडे ढकललं.

पलीकडे देखाव्याच्या मागचा मिट्ट काळोख होता. फळ्या, दोऱ्या, वायरी. चाचपडत जाताना यजमानांना एका दाराच्या फटीतून उजेड दिसला. तिथे एक माणूस मिशा नीट करत उभा होता.

"अहो, थांबा, ही माझी..." तो माणूस, म्हणजे मालिकेचा नायक, कुजबुजला. पण यजमान दार उघडून आत गेले होते.

समोर झगझगीत उजेडात नायिका कमरेवर हात ठेवून उभी होती. नाटकांत केस पिकवलेली नटी ती. दारातून माणूस बदलून आला म्हणून वाक्य सोडणाऱ्यातली नव्हे.

"आलात? बटाटे आणलेत का?"

यजमान पांढरेफटक पडले. "विसरलो," ते म्हणाले. मग हळूच, "तुम्हालाही सांगितलं का तिने?"

पहिल्या बाकावरच्या एका गृहस्थाच्या तोंडातला रुमाल उडाला.

"सांगायला कशाला हवं? तोंडावर लिहिलंय तुमच्या. पिशवी तरी कुठाय?"

"तीही विसरलो."

सगळे बाक खदखदू लागले. "हसायचं नाही!" म्हणत हेडमास्तर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले आणि लोक आणखी हसले. तेवढ्यात, आपला प्रवेश वाया जाऊ नये म्हणून नायकही आत शिरला. "अगं, काय सांगू, वाटेत हत्ती..."

नायिकेने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्ही उद्या या," ती नायकाला म्हणाली.

हेडमास्तरच फिस्सकन हसले आणि स्वतःच बाहेर गेले.

वर साहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. "हा नट कुठून मिळवलात?"

"घरचाच आहे," निर्मात्या बाई पटकन म्हणाल्या.

"मग पुढच्या गुरुवारीही त्याने असंच विसरायचं. नाही जमलं तर गांडुळं."

आठवडाभर घरात तालीम चालली. "बटाटे आणलेत का?" "वि-सर-लो." "असं नाही हो! खरं वाटलं पाहिजे!"

"अगं, इतकी वर्षं मनापासून विसरत आलो," यजमान रडकुंडीला येऊन म्हणाले, "आता पाठ करून कसं विसरू?"

गुरुवार उजाडला. हेडमास्तरांनी या खेपेला दम भरला, "हसला नाहीत तर बाहेर काढीन!" दिवा लागला. दार उघडलं. नायिकेने कमरेवर हात ठेवले. "आलात? बटाटे आणलेत का?"

आठवडाभर उठता-बसता बटाटे ऐकलेल्या यजमानांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी मागे धरलेली पिशवी दोन्ही हातांनी वर उचलली.

"आणले!"

पिशवीचा बंद तुटला आणि बटाटे चारी दिशांना गडगडले. नायिका जन्मात पहिल्यांदा वाक्य विसरली. मग मागच्या बाकावरची एक गृहिणी उभी राहून टाळ्या वाजवू लागली, मग दुसरी, मग सगळ्याच. त्यांचे नवरे तेवढे माना खाली घालून बसले आणि तेच पाहून बाकीच्यांची हसून मुरकुंडी वळली.

साहेब टेबलावर मूठ आपटत होते. "बाई, पुढच्या गुरुवारी कांदे!"

पण शेजारच्या खुर्चीत लेखिका नव्हती, दिग्दर्शिका नव्हती, निर्मातीही नव्हती. बाई जिना उतरून खाली पोहोचल्या होत्या आणि पदर खोचून, भर चित्रीकरणात, टेबलाखाली वाकल्या होत्या.

"अहो, बघत काय राहिलात? तो पलीकडचा उचला," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी आणलेत, एकही वाया जाऊ द्यायची नाही मी!"