तीन ठिकाणी सुरक्षित

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही, असं ऑर्व्हिलने डॅग्नीच्या कॅफेत बसता बसताच जाहीर केलं. मूसबेरी गावची बर्फ लोटायची गाडी तो हयातभर चालवत आला, त्यामुळे उन्हाळाभर त्याला थापा मारायला सवड असते. काउंटरवरच्या मंडळींनी खुर्च्या वळवल्या.

त्याच्या म्हणण्याप्रमाणे सुरुवात साधीच होती. 'आधी कोणाचा रस्ता मोकळा करावा?' या ऑनलाइन फॉर्मवर सगळ्या गावाने दिलेली उत्तरं नगर कारकून मार्लिसच्या एका टिचकीत पुसली गेली. रस्ते ऑर्व्हिलने आपल्या अकलेने मोकळे केले होते, हा भाग वेगळा. पण लोकमत हरवलं, ही गोष्ट नगराध्यक्ष डुएनच्या जिवाला लागली. ठराव झाला: नागरिकाचं एकही उत्तर यापुढे नष्ट होता कामा नये. प्रत्येक उत्तराचा बॅकअप, बॅकअपचा बॅकअप, आणि दोन्ही जागेवर असल्याची खात्री करणारा वेगळा फॉर्म. त्या फॉर्मच्या उत्तरांचाही बॅकअप, हे ओघानेच आलं.

बॅकअपच्या यंत्राला जागा मिळाली ती ऑर्व्हिलच्या गॅरेजात. तिथे भिंतीत प्लग एकच, आणि त्याला गाडीचं इंजिन उबदार ठेवणाऱ्या हीटरची वायर. थंडीत ती काढली की गाडी मेली, असं ऑर्व्हिलने बजावलं.

डुएन शांतपणे म्हणाला, "गाडी काय रे, वसंतात जिवंत होईल. लोकांचं मत एकदा गेलं की गेलं."

वायर निघाली. मग आभाळच खाली आलं. बर्फ इतका, की चर्चच्या कळसावर एक हरीण गवत शोधत उभं होतं.

तळ्यापलीकडे मार्लिसची म्हातारी आई सेल्मा एकटी राहते. तिच्या टाकीतला घर तापवायचा गॅस संपत आला होता आणि टँकर बंद रस्त्यापाशी अडला होता. तिने लेकीला फोन केला. मार्लिसने फॉर्म भरायला सांगितलं. नियम सगळ्यांना सारखा. 'मदत तातडीने हवी का?' यापुढे सेल्माने खूण केली, 'आधी दुसऱ्यांचं होऊ दे', आणि खाली शेरा लिहिला, 'गॅस संपत आलाय, पण घाई नाही.' तिचं तरी काय चुकलं? इथे कॉफीसुद्धा दोनदा नको म्हटल्याशिवाय कोणी घेत नाही. पंचाईत अशी, की हीच खूण साऱ्या गावाने केली होती. यंत्राने रीतसर यादी लावली आणि पहिला क्रमांक रिकामा सोडला.

सेल्माला तत्काळ निरोप आला: 'तुमचं उत्तर तीन ठिकाणी सुरक्षित आहे.' तेवढ्या उबेवर भागेना, म्हणून तिने खुर्ची जाळली. पुन्हा फॉर्म भरला: 'खुर्च्या संपल्या, पण घाई नाही.' हेही उत्तर सुरक्षित झालं. मग जेवणाचं टेबल गेलं.

इकडे प्रतींच्या प्रती सांभाळून यंत्र असं तापलं, की गॅरेजात ऑर्व्हिलने आधी कोट उतरवला, मग स्वेटर, आणि त्याच धगीने गाडीचं इंजिन आपणहून घुरघुरलं. पण निघायचं कुणीकडे? पहिला क्रमांक रिकामा.

"तेव्हा मार्लिसने," ऑर्व्हिल म्हणाला, "आईचं उत्तर उघडलं, वाचलं, आणि मला म्हणाली, ऑर्व्हिल, आधी तळ्याकडे चल."

डॅग्नीचं फडकं काउंटरवर थांबलं.

"खोटं."

"इंजिनचं म्हणतेस?"

"इंजिन मानलं. हरीणही मानलं. कोणी उत्तर उघडून वाचलं, हे नाही मानायची. सेल्मा स्वतः आली होती, स्की घालून, ती हीटरची वायर परत लावायला. आधी इथे टेकली. मी कॉफी विचारली, तर पहिल्याच खेपेला हो म्हणाली."

तिने फडकं काउंटरवरच्या मंडळींकडे रोखलं.

"आणि हे सगळे इथेच बसले होते," डॅग्नी म्हणाली. "फार हळहळले बिचारे. मग फोन काढून एकेकाने तिच्या नावाने फॉर्म भरला."