भिकनदादाची सरळ मोटार

एका जंगलात भिकनदादा नावाचं अस्वल राहायचं. कुठल्या जंगलात ते विचारू नका, बाळांनो. भूगोलात तुम्हाला किती मार्क पडतात ते मला ठाऊक आहे.

भिकनदादाकडे वडिलांनी आणलेली प्लॅस्टिकची छोटी मोटार होती. सुटे भाग जोडून बनवायची असते ना, तसली. वडील म्हणायचे, "सवडीनं दोघं मिळून जोडू." सवड मिळायच्या आत वडील गेले. खोका वर्षानुवर्षं गुहेच्या तोंडाशी उन्हात पडून राहिला. आतली बॉडी केळ्यासारखी वाकली. जोडून पाहिली, तर तीनच चाकं जमिनीला टेकायची. भिकनदादाला फार वाईट वाटायचं. जुन्या मोटारींच्या जत्रेत वडिलांची मोटार चारी चाकांवर उभी राहावी, एवढंच त्याला हवं होतं.

तो म्हाताऱ्या सखोबा साळिंदराकडे गेला.

"होईल सरळ," सखोबा म्हणाला. "पण घाई करणार असशील तर आत्ताच परत ने."

सखोबाची रीत अशी. बॉडी गरम पाण्याच्या झऱ्यात वीस आकडे मोजेपर्यंत बुडवायची. सपाट दगडावर हळूच दाबायची आणि लगेच गार पाण्यात धरायची. एका दिवसात तसूभरच. प्लॅस्टिकवर जोर केला की ते तडकतं.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी मोटार चारी चाकांवर उभी राहिली. भिकनदादा ढसाढसा रडला. हसू नका, अस्वलंही रडतात.

गोष्ट इथे संपली असती, तर तुम्हाला 'धीर धरावा' असं तात्पर्य मिळालं असतं आणि मला चहा. पण जत्रेत परीक्षक होते कोल्होबा.

जत्रेत आणखी चौदा मोटारी होत्या. सगळ्यांचे खोके उन्हातच पडलेले, त्यामुळे चौदाही वाकड्या.

"ही सरळ कशी?" कोल्होबांनी चष्मा पुसत विचारलं.

"दुरुस्त करून घेतली. माझ्या वडिलांची आहे."

"अहो भिकनराव, जुनी मोटार वाकडी असते. या चौदा बघा. तुमची नक्कल आहे. उगाच वडिलांचं नाव कशाला मध्ये आणता?"

सगळी जत्रा हसली. वडिलांना खोटं ठरवलेलं भिकनदादाला सोसलं नाही. तो तडक सखोबाकडे गेला.

"काका, पुन्हा वाकडी करून द्या."

सखोबानं मोटार उलटसुलट करून पाहिली. "नऊ दिवस घालवले रे मी हिच्यावर."

"आता किती लागतील?"

"वाकडं व्हायला कसले दिवस?" सखोबानं मोटार झऱ्यात टाकली आणि आकडे मोजलेच नाहीत.

बाहेर आली ती तळलेल्या पापडासारखी. दोनच चाकं टेकत होती. भिकनदादानं ती तशीच जत्रेत परत नेली. कोल्होबांनी ती डोळे भरून पाहिली. "याला म्हणतात अस्सल," ते म्हणाले आणि पहिल्या नंबराचा पितळी कप भिकनदादाच्या हातात दिला.

भिकनदादानं मोटार गुहेतल्या फळीवर ठेवली. ती कलंडली. मग त्यानं कपाचाच टेकू दिला, तेव्हा कुठे ती उभी राहिली. वडील काय म्हणाले असते, याचा विचार त्यानं केला नाही.

तात्पर्य : धीर धरावा, हे खरंच. मोटारी वाकड्या करून घ्यायला सखोबाच्या दारात हल्ली फार मोठी रांग असते.