दारावरची साखर

आमच्या गल्लीतले उस्मानचाचा टेलर रोज सकाळी दुकान उघडलं की हिरव्या दारावर खडूने स्वतःची उपाशीपोटीची साखर लिहितात. ‘११२.’ येणारेजाणारे दुधाचा भाव वाचावा तसा तो आकडा वाचून पुढे जातात. एका वर्षी माझा बिनसाखरेचा चहा मात्र त्याने आणखी कडू व्हायचा.

मी समोरच राहतो, आणि इथे लातुरातल्या एका क्लासमध्ये गणित शिकवतो. पोरांचे नंबर भिंतीवर लावण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे दुसरा नंबर मला सोसत नाही. त्या वर्षी मात्र फळ्यासमोर उभं राहायचं म्हटलं की हातपाय गळायचे. तास अर्धा सोडून घरी येऊन पडायचो. दिवाळीपर्यंत वाट बघू, मग तुमची बॅच दुसऱ्याला देऊ, असं मालकांनी गोड शब्दांत सांगितलं.

शेवटी मनाच्या डॉक्टरांकडे गेलो, तोंडासमोर पेपर धरून. शेजारच्या पेपरामागे चाचा निघाले. माहेरी गेलेली त्यांची बायको भूकंपात दगावली. तेव्हापासून ते छताखाली झोपत नाहीत, दुकानासमोर बाज टाकतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मधुमेह दोघांनाही, उदासीवरची गोळीही दोघांना तीच मिळाली. साखर अशी चढलेली राहिली तर या गोळीचा गुण येणं अवघड, असं डॉक्टरांनी दोघांनाही बजावलं.

महिन्याभरात चाचा मशीनवर गुणगुणायला लागले. शक्कर उतरली, सर, अन् गोळी लागली बघा, असं मला मुद्दाम थांबवून सांगायचे. दारावर आधी १३०, मग १२०, मग ११२. मी अजून दोनशेच्या वर. एक शिंपी मला मागे टाकतो म्हणजे काय! मी इतका जळलो की भात सोडला, लग्नातली जिलेबी सोडली, पहाटे चालायला लागलो. चाचा माझ्या सैल झालेल्या पँटी आत घेत राहिले आणि दर वेळी टेप गुंडाळत म्हणायचे, “अजून माझ्या मागंच हायेत तुम्ही.”

दिवाळीआधी माझी साखर १२६ वर आली. एका सकाळी तास संपला तरी मी फळ्यापाशीच होतो आणि पोरं घड्याळ बघत होती. बॅच माझ्याकडेच राहिली.

त्याच आठवड्यात एका दुपारी दुकान बंद दिसलं म्हणून लॅबवाल्याने चाचांचा रिपोर्ट माझ्याकडे दिला. तो उघडायला नको होता, पण हेवा गप्प बसू देईना. आत उपाशीपोटीची साखर ३१२. समोर दारावर सकाळचे ११२ तसेच होते. आमच्या गावात खोटे निकाल लावणारे कमी नाहीत, पण साखरेचा खोटा निकाल मी पहिल्यांदाच बघत होतो.

चाचा आल्यावर मी कागद पुढे धरला. त्यांनी तो न बघताच सुईत दोरा ओवायला घेतला.

“माझी उतरंना, सर. गोळी बी लागंना,” ते म्हणाले. “पण तुम्ही माझ्यावर जळायलेत अन् त्यापायी चालायलेत, हे दिसायलं. म्हणून लिहीत गेलो.”

“आणि ते गुणगुणणं?”

“तुम्ही खिडकीत बसायचे ना.”

मला पुन्हा त्यांचा हेवा वाटला, आधी कधी वाटला नव्हता इतका. कुणासाठी एवढं करावं हे मला कधी सुचलंच नव्हतं. दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी बाजेपाशी जाऊन त्यांच्या चपला पुढे सरकवल्या. पाय दुखतात म्हणाले, तरी कोपऱ्यापर्यंत आले. परतल्यावर त्यांनी बोट टोचून साखर बघितली आणि दारावर खरा आकडा लिहिला, ३०५.

मी खडू घेतला आणि त्याखाली माझा खोटा लिहिला, ३१०.

“आज पहिला नंबर तुमचा,” मी म्हणालो.