चुन्याचं बोट

वडीगोद्रीच्या अलीकडे नवा पूल होत होता, तेव्हा भानुदास मिस्त्री त्याच्या एका खांबासमोर दीड तास हात मागे बांधून उभे होते. तपासणीला कुणी साहेब आलाय, असं समजून मुकादमानं खुर्ची आणली, चहा आणला. मिस्त्रींनी चहा संपवला, खांबावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "लई भारी बिघडलंय." मुकादमाला घाम फुटला. मिस्त्री मात्र मनापासून कौतुक करत होते.

त्यांचा धंदाच तसा होता. रंगवलेल्या भिंतीला काँक्रीटचं रूप देणारे परतुरात ते एकटेच. जुना ऑइलपेंट पॉलिश पेपरनं घासायचा, वरून राखाडी लेप पत्र्यानं ओढायचा, मग सेंट्रिंगच्या फळ्यांच्या रेघा, हवेची छिद्रं, ओलीचे डाग हातानं काढायचे. तीस वर्षं गिलावा गुळगुळीत करण्यात गेलेला हा माणूस उतारवयात डाग पाडायला शिकला, आणि त्यासाठी पाण्याच्या टाक्या, कालव्याच्या मोऱ्या बघत हिंडू लागला.

"पहिले लोक शिमिट झाकायला रंग मागायचे, सर. आता रंग झाकायला शिमिट मागून राह्यलेत," ते म्हणायचे. पाठोपाठ ठरलेलं वाक्य यायचं, "चांगलं तं कोन्हीबी करतंय. बिघडवायला अक्कल लागती."

मुलाच्या हट्टापायी आमच्या बैठकीची एक भिंत त्यांच्या हाती गेली. मी निवृत्त ग्रंथपाल. घरात पुस्तकंच पुस्तकं. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी भिंतीला गाल लावून ओल पाहिली आणि मला विचारलं, "तुमच्याकडं पानं पिवळी पडलेलं पुस्तक हाय का?" मी कौतुकानं एक जुनं पुस्तक काढून दिलं. त्यांनी अक्षरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पानावरचा पाण्याचा एक डाग बराच वेळ न्याहाळला आणि जेवणाच्या सुट्टीआधी तो भिंतीवर जसाच्या तसा उतरवला. मला तो माझ्या वाचनाचाच सन्मान वाटला होता.

चौथ्या दिवशी काम झालं. भिंत खरंच पुलाच्या खांबासारखी दिसत होती. फक्त दाराजवळ, छातीच्या उंचीवर, बोटभर रुंदीचा एक पांढुरका ओघळ होता.

"हे काय, मिस्त्री? कुणी चुना पुसल्यासारखं दिसतंय."

"काँक्रीटला येतंय असं, सर."

"पुलाच्या खांबाला कोण पान खाऊन बोट पुसतं?"

माझं बोलणं मलाच आवडलं. मुलगाही हसला. मिस्त्री नाही हसले.

"राहू द्या की. बारीक तं हाय."

"नको. बाकी सगळं खरं वाटतंय. एवढंच खोटं वाटतं."

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग पत्रा घेऊन त्यांनी ती जागा खरवडली, नवा लेप दिला. तेवढा तुकडा जरा गडद दिसत होता. "मिळून जाईल," ते म्हणाले. त्या दिवशी ते चहाला थांबले नाहीत.

या उन्हाळ्यात मिस्त्री गेले. मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. सगळं घर पांढरंशुभ्र, नितळ. फक्त दाराजवळ हातभर जुना निळा रंग तसाच ठेवलेला, आणि त्यावर छातीच्या उंचीला चुन्याची बोटं. एकावर एक, कितीतरी वर्षांची.

मी बघतोय हे त्यांच्या मुलीच्या लक्षात आलं. "आईची हायेत ती. पान खायची अन् बोट तिथंच पुसायची. आबा रोज भांडायचे, मिस्त्रीच्या घरची भिंत लोक पाहतेत म्हनून. ती गेली अन् मंग त्यायनी तिथं कोनाला ब्रशबी लावू दिला न्हाई."

मी त्या निळ्या तुकड्याजवळ गेलो.

"जिथं काम करायचे, तिथंबी दाराजवळ तिचं एक बोट वढून यायचे," ती डोळे पुसत जराशी हसली. "मी म्हनायचे, आबा, लोक शिव्या देतील. तं म्हनायचे, आजवर एकाबी घरानं पुसायला लावलं न्हाई."

मी मान हलवली.

आमच्या भिंतीवरची ती जागा अजून मिळून गेलेली नाही. मुलगा म्हणतो, जालन्याहून कुणीतरी बोलावू, सारखी करून घेऊ. मी नको म्हणतो.